नदीचे समीकरण कोण मांडणार?

कुही येथे गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या काही शिक्षकांशी बोलण्याचा योग आम्हाला आला. विषय होता बारावीच्या अभ्यासक्रमातली अवकल समीकरणे, म्हणजे वर्गात आपण ज्यांना सर्रास डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणतो ती. चहाच्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका शिक्षकांनी खिशातून मोबाइल काढला, पुस्तकातले एक समीकरण त्यावर लिहिले आणि आमच्यापुढे धरले. दोन घोट चहा होतो न होतो तोच उत्तर आले. उत्तराच्या खाली आलेखही काढलेला होता. ते म्हणाले, "सर, मुले हे घरीच करून आणतात. मग आम्ही फळ्यावर शिकवायचे तरी काय?"

"पद्धत कळली पाहिजे" असे काहीतरी आम्ही त्यांना सांगितले. पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. ज्याचे उत्तर यंत्र क्षणात देते, त्याची पद्धत मुलांनी केवळ परीक्षेसाठी घोकावी, हे काही कारण होऊ शकत नाही. त्याच दिवशी दुपारी आम्ही तालुक्यातल्या एका गावाजवळ नाग नदीच्या काठावर उभे होतो. पाण्याचा रंग काळपट होता आणि वास येत होता. तिथे मात्र त्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले. ते काय, हे या लेखात पाहू या.

नदीतला जमाखर्च

ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळाले ती नाग नदी शहराच्या पश्चिमेकडच्या लाव्हा टेकड्यांत उगम पावते. शहरातून वाहताना ती सांडपाणी घेते आणि पूर्वेकडे कुही तालुक्यात येऊन कन्हानला मिळते. कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. चैतन्येश्वराचे देऊळ आणि पाच नद्यांचा संगम यांसाठी अंभोरा प्रसिद्ध आहे. तिथून खाली, भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, गोसीखुर्दचे धरण आहे. या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याचे फुगवट्याचे पाणी आज कुही तालुक्यापर्यंत पसरलेले असते. शहराचे सांडपाणी या जलाशयापर्यंत पोचते, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. नाग नदीच्या प्रदूषण निवारण प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली, ती याच कारणाने.

आता नदीच्या पाण्यात काय घडते ते पाहा. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ जिवाणू खातात. हे करताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हा झाला खर्च. पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळत असतो. ही झाली जमा. जमा कमी आणि खर्च जास्त असेल तर पाण्यातला ऑक्सिजन घटत जातो. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे जगण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे मासेमारी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ४ आणि २ या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांडपाण्यातला मळ थेट मोजणे अवघड असते. म्हणून तो पूर्ण कुजेपर्यंत किती ऑक्सिजन खाईल, यावरून मोजतात. प्रयोगशाळेत या मापाला 'बीओडी' म्हणतात. आपण त्याला मळाचा भार म्हणू आणि 'म' या अक्षराने दाखवू. लिटरमागे म = २० याचा अर्थ, त्या एक लिटर पाण्यातला मळ एकूण २० मिलिग्रॅम ऑक्सिजन खाणार आहे.

बदलाच्या दराविषयीचे विधान

मळ जितका जास्त, तितका तो जास्त वेगाने कुजतो. मळ अर्धा झाला की कुजण्याचा वेगही अर्धा होतो. हे वाक्य गणितात लिहिले की झाले अवकल समीकरण:

म च्या बदलाचा दर = −०.३ × म

यातला ०.३ हा स्थिरांक दर दिवसाचा आहे. उणे चिन्ह सांगते की मळ घटतो आहे. नेहमीच्या समीकरणात आपण एखादी संख्या शोधतो. इथे मात्र शोधायचा आहे तो संपूर्ण आलेख: आज किती, उद्या किती, परवा किती. आणि हाती आहे ते फक्त 'या क्षणी बदल किती वेगाने होतो' एवढेच ज्ञान. 'या क्षणीचा वेग' ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केलेला आहे.

हे समीकरण नववी-दहावीचा विद्यार्थीही सोडवू शकतो. त्यासाठी समाकलन यावे लागत नाही, गुणाकार आणि वजाबाकी पुरते. सुरुवातीला म = २० आहे. पहिल्या दिवशी घट ०.३ × २० = ६. म्हणून दिवसाअखेर उरले १४. दुसऱ्या दिवशी घट ०.३ × १४ = ४.२, उरले ९.८. तिसऱ्या दिवशी उरले ६.८६. ही रीत ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे.

पण यात एक गफलत आहे. सकाळी मळ २० होता म्हणून आपण दिवसभर घटीचा वेग ६ धरला. प्रत्यक्षात दुपारपर्यंत मळ घटलेला असतो, आणि वेगही. म्हणून पायरी लहान करू या. अर्ध्या दिवसाची पायरी घेतली तर? दिवसाच्या दहाव्या भागाची घेतली तर? उत्तरे अशी येतात:

पायरी १ दिवसाची: १४.००, ९.८०, ६.८६
पायरी अर्ध्या दिवसाची: १४.४५, १०.४४, ७.५४
पायरी ०.१ दिवसाची: १४.७५, १०.८८, ८.०२
सूत्राने येणारे नेमके उत्तर: १४.८२, १०.९८, ८.१३

(तीन आकडे अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाअखेरचे.)

पायरी जितकी लहान, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ, पण आकडेमोड तितकीच जास्त. या आकडेमोडीच्या कंटाळ्यातूनच यंत्रे जन्माला आली.

चाकांपासून मोबाइलपर्यंत

१९३१ साली अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश यांनी चाके आणि दांडे फिरवून अवकल समीकरणे सोडवणारे एक मोठे यंत्र पूर्ण केले. त्या धर्तीवर इंग्लंडमध्ये मँचेस्टरला हार्ट्री आणि पोर्टर यांनी १९३४ साली चक्क मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांतून एक यंत्र जुळवले, आणि ते कामही करत असे! पुढे इलेक्ट्रॉनिक संगणक आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली काम करू लागला. अशा संगणकावर काम करायला मिळणे ही तेव्हा मोजक्या संशोधकांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती.

आज तेच काम, किंबहुना त्याहून पुष्कळ जास्त, कुहीच्या विद्यार्थ्याच्या हातातला मोबाइल करतो. त्यासाठी इंटरनेटवर जी साधने मिळतात त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार सूत्र देणाऱ्या साधनांचा. २००९ साली सुरू झालेले 'वोल्फ्रॅम अल्फा' हे त्याचे परिचित उदाहरण. समीकरण आणि सुरुवातीची किंमत लिहिली की सूत्ररूप उत्तर येते. पुस्तकातली बहुतेक उदाहरणे अशी सुटतात. पण निसर्गातली बहुतेक अवकल समीकरणे सूत्रात सुटतच नाहीत, हे मुलांना सांगायला हवे. पुस्तकात सुटणारी तेवढी निवडून दिलेली असतात.

दुसरा प्रकार पायरी-पायरीने आकडे काढणाऱ्या साधनांचा. 'सायलॅब' ही अशी एक मुक्त आज्ञावली. मुंबईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाने ती शिकवण्यासाठी बरेच काम केले आहे, आणि तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. ही साधने ऑयलरच्याच कल्पनेवर चालतात. फक्त पायरीच्या मधल्या बिंदूंवरचे वेगही ती विचारात घेतात. ही सुधारणा रुंगे (१८९५) आणि कुट्टा (१९०१) या जर्मन गणितज्ञांची.

तिसरा प्रकार चित्र दाखवणाऱ्या साधनांचा. 'जिओजिब्रा' आणि 'डेस्मॉस' ही त्यातली दोन प्रसिद्ध नावे. जिओजिब्रा एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. गावाकडे हे सोयीचे पडते. शिकवण्याच्या दृष्टीने आम्हाला हाच प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो.

आधी चित्र, मग उत्तर

जिओजिब्रामध्ये उतारांचे चित्र काढण्याची आज्ञा आहे. आज्ञा रोमन लिपीत लिहावी लागते. तिचे नाव 'स्लोपफील्ड'. समजा, नदीच्या एका टप्प्यात सांडपाणी सतत येत असल्यामुळे ऑक्सिजनचा खर्च दिवसाला लिटरमागे ३ मिलिग्रॅम इतका कायम आहे. पाण्यात मावू शकणारा ऑक्सिजन ८. त्याहून जितका कमी आहे, तितक्याला आपण तूट म्हणू आणि 'त' या अक्षराने दाखवू. तूट जितकी जास्त, तितक्या जोमाने हवेतला ऑक्सिजन आत येतो. म्हणून:

त च्या बदलाचा दर = ३ − ०.६ × त

हे समीकरण सोडवू नका. आलेखाच्या पानावर ठिकठिकाणी, त्या त्या बिंदूशी बदलाचा दर जेवढा असेल तेवढ्या उताराची एक बारीक रेघ काढायला संगणकाला सांगा. पान रेघांनी भरून जाते. वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या गवतासारखे ते दिसते. तूट ५ पेक्षा कमी असेल तिथल्या रेघा वर झुकलेल्या, ५ पेक्षा जास्त असेल तिथल्या खाली झुकलेल्या, आणि नेमक्या ५ वरच्या रेघा आडव्या. आता मुलांना विचारा: नदीची सुरुवात कुठूनही झाली तरी तूट शेवटी कुठे जाऊन थांबेल? एकही समाकलन न करता मुले '५' हे उत्तर देतात. म्हणजे ऑक्सिजन उरेल ८ − ५ = ३, माशांना पुरेसा नाही. मग खर्च ३ वरून २ वर आणला तर? आडवी रेघ सरकते सव्वातीनच्या आसपास, आणि ऑक्सिजन उरतो ४.७.

समीकरण काय सांगते हे उत्तर काढण्याआधीच कळू शकते, ही गोष्ट फळ्यावर दाखवणे पूर्वी जिकिरीचे होते. शेकडो रेघा काढणार कोण? हे काम यंत्राकडे देण्यात काहीच गैर नाही.

ओहायो नदीचे गणित

वरच्या उदाहरणात आपण खर्च कायम धरला. प्रत्यक्षात मळ कुजत कुजत कमी होतो, म्हणून खर्चही घटत जातो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीचा अभ्यास करताना हे दोन्ही बदल एकत्र मांडले आणि १९२५ साली प्रसिद्ध केले. त्यांची समीकरणे दोनच आहेत:

म च्या बदलाचा दर = −०.३ × म
त च्या बदलाचा दर = ०.३ × म − ०.६ × त

नदीतल्या पाण्याच्या प्रदूषणाचे गणित जगभर शिकवताना सुरुवात आजही इथूनच होते. यातले ०.३ आणि ०.६ हे आकडे आम्ही वर्गातल्या उदाहरणासाठी निवडले आहेत. ते नाग नदीचे मोजलेले आकडे नव्हेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

सुरुवातीला म = २० आणि त = १ घेऊन ही जोडी साधनाला द्या. ऑक्सिजनचा आलेख झोळीसारखा येतो: आधी खाली जातो, मग सावकाश वर येतो. झोळीचा तळ येतो सुमारे २.१ दिवसांनी. तेव्हा तूट ५.३ असते, म्हणजे ऑक्सिजन उरतो फक्त २.७. पहिल्या दिवसाच्या संध्याकाळपासून ते पाचव्या दिवसापर्यंत तो ४ च्या खालीच असतो.

आता दिवसांचे किलोमीटर करा. पाणी सेकंदाला ०.३ मीटर वेगाने वाहत असेल तर ते दिवसाला सुमारे २६ किलोमीटर जाते. म्हणजे झोळीचा तळ सांडपाणी सोडल्याच्या जागेपासून सुमारे ५५ किलोमीटर खाली येतो! जिथे सांडपाणी नदीत पडते तिथे ऑक्सिजन सर्वांत कमी असेल असे आपल्याला वाटते. समीकरण म्हणते, तसे नाही. सर्वांत वाईट अवस्था खालच्या, दूरच्या गावांत येते, ज्यांनी ती घाण केलेली नाही. नदीकाठच्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते. त्याचे म्हणणे गणितात मांडले की ते कोणालाही तपासून पाहता येते.

यंत्र म्हणते, ऑक्सिजन उणे

आता एकच बदल करा. म = २० ऐवजी ४० घ्या. सांडपाणी दुप्पट झाले असे समजा. साधन तितक्याच तत्परतेने आलेख काढते. झोळीचा तळ येतो सव्वादोन दिवसांनी आणि तूट असते १०.३. पण पाण्यात मावतो तो ऑक्सिजनच मुळी ८. म्हणजे पाण्यात उरलेला ऑक्सिजन झाला उणे २.३.

उणे २.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन! जगातल्या कुठल्याही नदीत अशी गोष्ट असू शकत नाही. तरी यंत्राने ते उत्तर दशांश चिन्हासह, सुबक आलेखासह दिले. ते अडखळले नाही, त्याने शंका विचारली नाही. कारण आपण दिलेली अक्षरे नदीबद्दल आहेत हे त्याला माहीतच नाही. आणि मौज अशी की त्याने गणितात चूकही केलेली नाही. दिलेल्या समीकरणाचे ते बिनचूक उत्तर आहे.

मग चुकले कोण? चुकले समीकरण. 'मळ ०.३ या वेगाने कुजतो' असे लिहिताना आपण गृहीत धरले होते की ऑक्सिजन नेहमीच उपलब्ध आहे. आलेखानुसार पहिला दिवस संपण्याच्या सुमारास ऑक्सिजन शून्यावर येतो. तिथून पुढे ते गृहीत लागू राहत नाही. प्रत्यक्षात ऑक्सिजन संपला की दुसरे जिवाणू पुढे येतात. ते नायट्रेट आणि सल्फेट यांच्यातला ऑक्सिजन वापरतात. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, गाळ काळा पडतो. काठावर उभे राहिलो तेव्हा आम्हाला जो वास आला तो हाच.

म्हणजे यंत्राने 'उणे' म्हटले ते निरर्थक नव्हते. 'तुमचे समीकरण इथे संपले, पुढे दुसरे रसायनशास्त्र आहे' असा त्याचा अर्थ होता. पण तो अर्थ वाचायला नदी माहीत असलेला माणूस लागतो. फळ्यावर काय शिकवायचे, या त्या शिक्षकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे: समीकरण मांडायला शिकवायचे, आणि आलेल्या उत्तराला प्रश्न विचारायला शिकवायचे. मधला सोडवण्याचा भाग यंत्राने केला तरी चालेल.

वाहते पाणी आणि थांबलेले पाणी

आणखी एक उदाहरण पाहू. हवेतून ऑक्सिजन मिसळण्याचा स्थिरांक, जो आपण ०.६ धरला, तो नदीच्या वेगावर आणि खोलीवर अवलंबून असतो. ओकॉनर आणि डॉबिन्स यांनी १९५८ साली त्यासाठी एक सूत्र दिले. वेग मीटर प्रति सेकंद आणि खोली मीटरमध्ये घ्या. वेगाच्या वर्गमुळाला ३.९३ ने गुणा आणि खोलीच्या दीड घाताने भागा. एक मीटर खोल आणि सेकंदाला ०.४ मीटर वेगाने वाहणाऱ्या नदीसाठी स्थिरांक येतो सुमारे २.५. तेच पाणी धरणाच्या फुगवट्यात गेले, खोली चार मीटर झाली आणि वेग ०.०५ मीटरवर आला, तर स्थिरांक येतो सुमारे ०.१. म्हणजे वीसपटीहून जास्त फरक.

आता मळ दोन्हीकडे सारखाच, म = १० आणि त = १ घ्या. साधनात स्थिरांकासाठी सरकपट्टी ठेवली की बोटाने सरकवून फरक पाहता येतो. वाहत्या नदीत झोळीचा तळ नऊ तासांच्या आतच येतो आणि ऑक्सिजन उरतो ६.९. फुगवट्यात तळ येतो पाच दिवसांनी आणि ऑक्सिजन उरतो १.६. मळात एका थेंबाचीही वाढ झालेली नाही. फक्त पाणी थांबले. वाहती असताना जी नदी एवढी घाण पचवत होती, तिलाच थांबल्यावर ती पचेनाशी झाली. सांडपाणी थांबलेल्या पाण्यात जाणार असेल तर ते अधिक शुद्ध करून सोडले पाहिजे, हा निष्कर्ष बारावीतला विद्यार्थी स्वतः काढू शकतो.

अर्थात इथेही मघाचा प्रश्न विचारायला हवा. जलाशय म्हणजे मंद वाहणारी नदी नव्हे. त्याच्या पाण्याचे थर पडतात. वरच्या थरात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री वापरते. मळ तळाशी बसतो. यांपैकी काहीच आपल्या दोन समीकरणांत नाही. म्हणून १.६ हा आकडा दिशा दाखवणारा समजावा. जलाशयात जाऊन मोजल्यावर तोच येईल असे नाही.

याच उदाहरणात पायरीची गंमतही दिसते. ज्या मुलांनी ऑयलरची रीत स्वतः केली आहे त्यांना २.५ हा स्थिरांक आणि एक दिवसाची पायरी द्या. मळ नाही, फक्त तूट १ आहे असे समजा. पहिल्या दिवशी घट २.५ × १ = २.५, म्हणून तूट झाली −१.५. दुसऱ्या दिवशी २.२५, तिसऱ्या दिवशी −३.३८, चवथ्या दिवशी ५.०६. तूट हळूहळू शून्यावर यायला हवी होती. ती वरखाली हेलकावे घेत फुगत चालली! इथे समीकरण बरोबर आहे, पायरी चुकली आहे. या उदाहरणात पायरी ०.८ दिवसापेक्षा लहान घेतल्याशिवाय हेलकावे शमत नाहीत. चांगली साधने पायरी आपोआप लहान करतात. पण साधनाने काढलेला आलेख अकारण दातेरी दिसला तर पायरी अर्धी करून पुन्हा पाहावे, ही सवय लावून घेणे चांगले. दोन्ही उत्तरे जुळली तर बरे, नाही जुळली तर पहिल्यावर विश्वास ठेवू नये.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट. नववी-दहावीच्या मुलांकडून मळाच्या समीकरणाच्या पायऱ्या वहीत करून घ्या. निम्म्या वर्गाला एक दिवसाची पायरी द्या, निम्म्याला अर्ध्या दिवसाची. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. मोबाइलची गरज नाही.

दुसरी गोष्ट. अकरावी-बारावीच्या मुलांना आधी उतारांचे चित्र पाहून अंदाज वहीत लिहू द्या. उत्तर साधनाला नंतर विचारा. अंदाज चुकला तर का चुकला, यावर बोलण्यात तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

तिसरी गोष्ट. साधनाकडून आलेल्या प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारण्याचा नियम करा. समीकरणात आपण काय गृहीत धरले? पायरी अर्धी केली तर उत्तर बदलते का? आणि हे उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का? उत्तराखाली या तिन्हींची उत्तरे लिहिल्याशिवाय गुण देऊ नका. हे काम यंत्राकडून नुसते उतरवून आणता येत नाही.

चौथी गोष्ट थोडी कष्टाची. पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर यांची रीत १८८८ सालची आहे. तिला मँगनीज सल्फेट, आयोडाइड मिसळलेले अल्कली, सल्फ्युरिक आम्ल, थायोसल्फेट आणि स्टार्च एवढीच रसायने लागतात. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती जमवता येतात, आणि थायोसल्फेटचे अनुमापन रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या हातचे असते. जवळच्या नदीचे, तलावाचे आणि विहिरीचे पाणी सकाळी आणि दुपारी तपासा. सांडपाण्याचे नमुने शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून घ्यावेत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. बाटलीत हवेचा बुडबुडा राहणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर तुम्ही नदीचा ऑक्सिजन मोजण्याऐवजी हवेचा मोजाल.

मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये एकाच जागी मोजणी केलीत तर आणखी एक गोष्ट दिसेल. २० अंशाच्या पाण्यात ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाच्या पाण्यात ७.६. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन मावतो कमी, आणि कुजण्याचा वेग मात्र दहा अंशांना सुमारे दीडपट होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात नदीचे पाणीही आटलेले असते. या तिन्ही गोष्टी समीकरणात कुठे आणि कशा घालायच्या, हे मुलांनाच विचारून पाहा.

कुहीच्या त्या शिक्षकांशी नंतर आमचे बोलणे झाले. त्यांनी आपल्या वर्गात म = ४० चे उदाहरण दिले होते. बहुतेक मुलांनी 'उणे २.३' हे उत्तर साधनातून जसेच्या तसे उतरवून आणले. एका मुलीने मात्र आलेख शून्यापाशी तोडला होता आणि खाली लिहिले होते, "इथून पुढे समीकरण लागू नाही. इथून पुढे वास येतो." तिचे गाव नाग नदीच्या काठी आहे, असे सरांनी सांगितले.